टॉवेलाखालची थिअरी

पत्रकारिता शिकायला विद्यापीठात कशाला जायचं? आमच्या सातारा जिल्ह्यात हा प्रश्न कुणीही विचारतं आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतं. लिहिता येतं ना? मग झालं. तालुक्याच्या गावी एखाद्या दैनिकाचं वार्ताहरपद घ्यायचं, चार पुढाऱ्यांचे नंबर सेव्ह करायचे, बरासा मोबाइल घ्यायचा. त्यासाठी दोन वर्षं एम.ए. कशाला? असा सल्ला देणारे सगळेच काही रिकामटेकडे नव्हते. त्यांत जिल्ह्यातले चांगले मुरलेले पत्रकारही होते. एकांनी तर मला तोंडावर सांगितलं, "ताई, बातमी शिकायची तर आमच्याकडं ये. थिअरी शिकायची तर खुशाल विद्यापीठात जा. पण थिअरीनं पोट भरत नाही."

मी विद्यापीठात गेले. कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात. पोटाच्या बाबतीत त्या गृहस्थांचं बरंचसं खरं निघालं, ते पुढं येईलच. पण बाकीच्या बाबतीत माझं मत आता त्यांच्या बरोबर उलट झालंय. बातमी शिकायला विद्यापीठात जाऊच नये. तिथली डेडलाइन लुटुपुटूची असते. चारला द्यायची बातमी साडेचारला दिली तर सर फार तर एक मार्क कापतात. पान सोडायची वेळ झालीय, आवृत्तीप्रमुख डोक्यावर उभे आहेत आणि खटावचा वार्ताहर फोन उचलत नाही, ही धाकधूक कुठल्याही अभ्यासक्रमात बसवता येत नाही. डेस्कवर महिनाभर काढला की हेडिंग, इंट्रो, कापाकापी आपोआप हातात बसते. विद्यापीठात जायचं ते थिअरीसाठी. ज्या पेपरला वर्गातले सगळे जांभया द्यायचे आणि सीनियर मंडळी "पाठ कर, लिही, विसर" असा मंत्र द्यायची, त्याच पेपरामुळं मला माझा जिल्हा दिसायला लागला.

विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे. त्यामुळं आमच्या वर्गात वारणाकाठची, कृष्णाकाठची, येरळेची, माणगंगेची अशी सगळ्या पाण्यांची पोरं होती. एक शिराळ्याचा, कृषी पदवीधर. एक जतची, घरातली पहिली पदवीधर. एक मिरजेहून पॅसेंजरनं ये-जा करणारा. गाडीला उशीर झाला की सर त्याच्यासाठी हजेरी लांबवायचे. आणि एक काका. दहाबारा वर्षं तालुक्याला वार्ताहरकी केल्यावर त्यांना एम.ए. करायची हुक्की आली होती. पुण्यातल्या एका खासगी संस्थेची फी ऐकून माझ्या वडिलांनी, आप्पांनी, हातातला चहा खाली ठेवला होता. विद्यापीठाची फी ऐकल्यावर तोच चहा त्यांनी गार झालेला असूनही संपवला. खटाव तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी पोरीच्या एम.ए.ला हो म्हणाला तो त्या आकड्यामुळं. सार्वजनिक विद्यापीठांचं बाकी सगळं गुणगान मी नंतर ऐकलं.

पहिल्या सत्रातच फळ्यावर ती सुप्रसिद्ध आकृती आली. क्लॉड शॅनन, बेल लॅब्ज, १९४८. एका टोकाला संदेश पाठवणारा, दुसऱ्या टोकाला घेणारा, मधे मार्ग, आणि त्या मार्गात खालून बाण मारून घुसलेला नॉइज, म्हणजे संदेश बिघडवणारा गोंगाट. मुळात हे टेलिफोनच्या तारांचं गणित. पुढं ते माणसांच्या बोलण्याला लावलं गेलं. सर म्हणाले, उद्या येताना आपापल्या गावातलं एकेक उदाहरण आणा, पुस्तकातलं चालणार नाही. निम्म्या वर्गानं दवंडी आणली. मी पुसेगावचा बैलबाजार आणला.

पुसेगावला थंडीत सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. रथाला नोटांच्या माळा चढतात, त्याचे फोटो दरवर्षी छापून येतात. आमच्या घरी मात्र यात्रा म्हणजे खिलार जनावरांचा बाजार. मी लहानपणी आप्पांचं बोट धरून जायची. बैल पसंत पडला तरी आधी त्याच्याभोवती उगाच दोन फेऱ्या मारायच्या. मग पाठीवर हात, मग खुरं, मग जबडा उघडून दातांवरून वय: आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलाय. हे सगळं तोंड वाकडं करून, जनावर अगदीच कामचलाऊ असल्यासारखं. एवढ्यात हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, येतो. खांद्यावरचा टॉवेल काढून तो आप्पांच्या हातावर टाकतो आणि टॉवेलाखाली दोघांचे पंजे एकमेकांत जातात. कुठलं बोट धरलं, किती बोटं दाबली, यावर आकडा. तोंडानं भलतंच चालू असतं. "आवो पाव्हणं, या भावात शेरडूबी मिळायचं न्हाई." भोवती माणसांचं कडं, सगळ्यांची नजर टॉवेलावर, आणि आकडा कुणालाच कळत नाही. सौदा मोडला तर हेडी टॉवेल झटकून पुन्हा खांद्यावर टाकतो. पुढचं गिऱ्हाईक आलं की नव्यानं बोटं.

मी सरांना विचारलं, यात नॉइज कुठला? तोंडाची बडबड नॉइजच आहे, पण ती दोघांनी मिळून मुद्दाम पेरलीय. दोघांना कळावं आणि बाकी शंभरांना कळू नये, एवढ्यासाठी हा सगळा थाट. सर बराच वेळ फळ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "शॅननचा १९४९चा लेख वाच. तो गुप्त संदेशांवरच आहे." युद्धाच्या काळात हा माणूस सांकेतिक लिपीवर काम करत होता, हे मला तेव्हा समजलं. चौकोन आणि बाणांच्या मागं बसलेला तो अमेरिकन इंजिनिअर मला पुसेगावच्या बाजारात उभा करता आला, म्हणून तो पेपर मी पहिल्यांदा मन लावून वाचला. पुढं जिल्ह्यातल्या पत्रकार परिषदा पाहायला लागले तेव्हा हीच सवय कामी आली. माइकवरचं सगळं टिपून घ्यायचं, पण डोळा असायचा चहाच्या वेळी कोण कुणाचा हात धरून कोपऱ्यात नेतं त्याच्यावर.

गेटकीपिंगचा, म्हणजे कुठली बातमी आत सोडायची आणि कुठली अडवायची हे ठरवणाऱ्या फाटकवाल्याचा, धडा आला तेव्हा तर मजाच झाली. ही कल्पना वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलेलीच नाही. ती स्वयंपाकघरातून निघाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतलं चांगलं मांस सैन्याकडं जायला लागलं. तेव्हा लोकांनी काळीज, गुर्दे असलं एरवी नाक मुरडून बाजूला सारलं जाणारं मांस खावं, अशी सरकारची इच्छा. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविननं प्रश्न विचारला, की ताटात काय पडतं हे ठरवतं कोण? शेत, बाजार, दुकान, शीतकपाट अशा वाटेनं अन्न येतं, त्या वाटेवर जागोजाग फाटकं असतात, आणि बऱ्याच फाटकांवर घरची बाई उभी असते. हे मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ह्याला अमेरिकेला कशाला जायाला पायजे हुतं?"

हीच कल्पना डेव्हिड मॅनिंग व्हाइटनं एका अमेरिकन दैनिकात तारेनं येणाऱ्या बातम्या निवडणाऱ्या संपादकाला लावली. लेख १९५०चा. संपादकाला टोपणनाव दिलं मिस्टर गेट्स. आठवडाभर त्यानं नाकारलेली प्रत्येक बातमी जपून ठेवायची आणि कागदावर कारण लिहायचं, एवढीच अट. आलेल्या मजकुराचा जवळजवळ नऊ दशांश भाग त्यानं बाजूला टाकला होता. कारणांत 'जागा नाही' होतं, 'हा प्रचार आहे' होतं, आणि त्याची स्वतःची आवडनिवडही होती.

इंटर्नशिपला मी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात होते. तिथं मुलगी आली की तिला आपोआप महिला पुरवणीकडं लावून द्यायचे. संक्रांतीचं वाण, उन्हाळी वाळवणं, हळदीकुंकू. ते लिहून झाल्यावर मी डेस्कवरच्या उपसंपादकांना विचारलं, न लागलेल्या बातम्यांची मी वही ठेवू का? ते म्हणाले, "ठेव की. आमच्या पापांचा हिशेब कुणीतरी ठेवलाच पाहिजे." वहीत कारणं साचत गेली. शिळी. फोटो नाही. दुसऱ्या गटाचा माणूस. जागा नाही. आणि सगळ्यात जास्त वेळा: जाहिरात आली.

पण वहीनं मला जे दाखवलं ते वहीच्या बाहेर होतं. तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो, हे वाचकाला सहसा माहीत नसतं. मानधन असतं, ते पेट्रोललाही पुरत नाही. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर: पंधरा ऑगस्ट, दिवाळी, आणि बाराही महिने पुढाऱ्यांचे वाढदिवस. वाढदिवसाच्या पुरवणीचं टार्गेट ज्याच्या डोक्यावर आहे, त्यानं त्याच पुढाऱ्याच्या कारखान्यानं थकवलेल्या ऊसबिलाची बातमी कुठल्या तोंडानं पाठवायची? तो पाठवत नाही. ती डेस्कवर येत नाही. माझ्या वहीत तिची नोंद होत नाही. मी बसले होते मिस्टर गेट्सच्या टेबलाशेजारी, आणि पहिलं फाटक लागलेलं होतं कितीतरी अलीकडं, वार्ताहराच्या घरात, गॅसचं सिलिंडर आणि पोराची फी यांच्यामधे कुठंतरी. वर्गातल्या काकांना मी हे आकृती काढून दाखवलं. ते बराच वेळ कागद हातात धरून होते. "हे मला बारा वर्षं ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण मला वाटायचं माझ्यातच खोट आहे."

काकांचं ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. थिअरी कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हल्ली तेच ऐकवते. ज्याला माणूस स्वतःचा भित्रेपणा समजत होता ती एक रचना आहे, हे कळायला काही वेळा पुस्तकच लागतं.

अजेंडा-सेटिंगवर फार लिहीत नाही. तो धडा आमच्याकडं दर जुलैला आपोआप शिकवला जातो. मॅककोम्ब्ज आणि शॉ यांनी १९६८च्या अमेरिकन निवडणुकीत चॅपल हिल या गावातल्या शंभर मतदारांना गाठून दाखवलं होतं, की माध्यमं जे विषय मोठे करतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटायला लागतात. साताऱ्यात पाऊस लागला की कोयनेचा साठा रोज पहिल्या पानावर. आज किती टीएमसी, आवक किती क्युसेक, दरवाजे किती फूट. धरण १०५ टीएमसीचं, हे शाळकरी पोरालाही पाठ. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस कोसळतो, त्याचे धुक्यातले फोटो. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, माणमधे, पाचशे मिलिमीटरची मारामार. आणि आमच्या खटावातल्या माणसाला कोयनेचा आकडा सांगता येतो, पण नेर तलावात किंवा येरळवाडीत किती पाणी आहे हे विचारलं तर तो शेजाऱ्याकडं बघतो.

शिराळ्याच्या कृषी पदवीधरानं आयोवाचा मका धरला. रायन आणि ग्रॉस यांचा १९४३चा अभ्यास: संकरित मक्याचं बियाणं आयोवातल्या शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं? बियाण्याची पहिली माहिती सगळ्यात जास्त जणांना कंपनीच्या विक्रेत्याकडून मिळाली, पण लावायचं की नाही हे ठरलं शेजाऱ्याच्या बांधावर. पठ्ठ्यानं तो अख्खा धडा उचलून तासगावला नेला. थॉम्पसन सीडलेस या परदेशी द्राक्षातून निवड करून तास-ए-गणेश हा वाण तासगाव तालुक्यातल्या बागेत निघाला, तो कुणाच्या बागेतून कुणाच्या बागेत गेला, काडी कुणी दिली, कुणी नाही दिली, कुणी सोयऱ्यालाच दिली. पाहुणेरावळे आणि भावकी यांचा असा नकाशा त्यानं काढला, की मॅडम म्हणाल्या, आयोवात सोयरीक मोजलीच नव्हती.

कायद्याचा पेपर मला आधी रुक्ष वाटायचा. अब्रुनुकसानी, दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५००, आता न्याय संहितेचं ३५६. मग आगरकर आले. आगरकर आमच्या जिल्ह्यातले, कराडजवळच्या टेंभूचे. (टेंभू म्हटलं की आता लोकांना उपसा सिंचन योजनाच आठवते, तो भाग वेगळा.) 'केसरी'चे संपादक असताना १८८२ साली ते आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, हे शाळेत शौर्य म्हणून शिकवलेलं. विद्यापीठात तेच प्रकरण खटला म्हणून वाचलं. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतोय, त्यामागं दिवाण बर्वे आहेत, असा आरोप. आधाराला काही पत्रं. ती पत्रं कोर्टात बनावट ठरली. माफी मागूनही चार महिन्यांची शिक्षा झाली. महाराजांविषयीची काळजी खोटी नव्हती, पुढच्याच वर्षी अहमदनगरात त्यांचा जो शेवट झाला त्यानं ते दिसलं. पण काळजी खरी म्हणून हातातला कागद खरा होत नाही. ज्या गावचं ते प्रकरण, त्याच गावात बसून ते वाचताना शाळेतला धडा पुन्हा नव्यानं शिकावा लागला. आज गावच्या ग्रुपवर शिक्का आणि सही असलेलं एखादं सरकारी पत्र येऊन पडलं, की मी आधी जावक क्रमांक बघते.

तरीही एक तक्रार राहतच होती. पुस्तक उघडलं की आयोवा, ओहायो, चॅपल हिल. उदाहरण आम्ही आणायचं आणि सिद्धांत तिकडचा. आम्ही म्हणजे कायमचे 'उदाहरणवाले'. दुसऱ्या वर्षी विकाससंवादाच्या पेपराला एका तळटिपेत 'पूना' असं दिसलं. शोधत गेले, तर युनेस्कोनं १९५९ साली छापलेला एक अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेला सापडला. लेखक जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूराथ. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून खेड्यांसाठी एक प्रयोग झाला होता, त्याचा हा अहवाल. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे त्यासाठी निवडले होते: पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा.

उत्तर सातारा. म्हणजे आम्हीच की! जुना सातारा जिल्हा १९४९ साली दुभंगला. आजची सांगली तेव्हा दक्षिण सातारा होती, १९६० साली तिला सांगली हे नाव मिळालं. मधल्या त्या दहाअकरा वर्षांत आम्ही उत्तर सातारा होतो, आणि नेमक्या त्याच नावानं संवादशास्त्राच्या जागतिक अहवालात जाऊन बसलो होतो. शेजारच्या टेबलावर जतची मैत्रीण प्राध्यापकीच्या नेट परीक्षेचे जुने पेपर सोडवत बसली होती. तिला मी हाक मारली ती ग्रंथालयात शोभणारी नव्हती.

प्रयोग असा होता. दीडशे गावं. प्रत्येक गावात वीसेक जणांचं श्रोतामंडळ, एक अध्यक्ष, एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, असे एकूण वीस. कॅनडात शेतकऱ्यांची अशी रेडिओ मंडळं १९४१ पासून चालत होती, कल्पना तिथली. ऐकून झालं की उठायचं नाही. रेडिओ बंद करायचा आणि त्या विषयावर बोलायचं, आपल्या गावात काय करता येईल ते ठरवायचं. काय बोलणं झालं ते चिटणिसानं लिहून पुण्याला धाडायचं. मंडळांनी विचारलेल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमात उत्तरं मिळायची. न्यूराथ तेव्हा मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत होते. त्यांच्या पाहणीवाल्यांनी प्रयोगाच्या आधी आणि नंतर गावोगाव मुलाखती घेतल्या. मंडळं नसलेली गावंही तुलनेला घेतली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली आढळली, बाकीच्या गावांत फारशी नाही. पुढं १९५९ पासून सरकारनं ही योजना देशभर नेली.

अहवाल वाचल्यावर स्वस्थ बसवेना. सुट्टीत घरी आल्यावर आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरले. बहुतेकांना पंचायतीचा रेडिओ आठवत होता, कुलूप लावलेल्या लाकडी पेटीतला. मंडळाचं नाव काढलं की माना हलायच्या, नकारार्थी. मग कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात पारावर बसलेले नव्वदीकडं झुकलेले एक आजोबा म्हणाले, "व्हय, हुतं की. पुण्याला कागद जायाचा." मी वही उघडली. "आमचा चिटणीस शिकल्याला हुता. आमी इचारायचो येक आन् तो लिवायचा दुसरंच. आमचं पाण्याचं भांडाण हुतं वरच्या आळीसंगं, त्ये त्यानं कवाच लिवलं न्हाई. त्याचीबी हीर वरच्या आळीत."

अहवालात हे नाही. असणारही नाही; पुण्याला पोचलेल्या कागदांत जे नव्हतं ते कुठल्याच पाहणीला सापडत नाही. पण मिस्टर गेट्स इथंही होता, धोतर नेसलेला, वरच्या आळीत विहीर असलेला. त्या पारावर मला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या. आमचा जिल्हा थिअरीच्या पुस्तकात आहे. आणि त्या पुस्तकात एक ओळ कमी आहे, ती आम्हीच लिहू शकतो.

लघुशोधप्रबंधाला म्हणूनच म्हसवडला गेले. माणदेशी तरंग वाहिनी, ९०.४, हे तिथलं सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून चालू आहे. रेडिओ मंडळांच्या प्रयोगातला एक प्रश्न मनात होता: ऐकणारा उलट बोलायला लागला तर काय बोलतो? स्टुडिओत बसून मी बायकांचे फोन ऐकले. एक बाई जात्यावरची ओवी म्हणायला लागल्या आणि मधेच थांबून म्हणाल्या, "थांबा वो, म्हस सुटली." निवेदिका शांतपणे थांबली, श्रोतेही थांबले असणार. म्हैस बांधून त्या परत आल्या आणि ओवी जिथं सोडली होती तिथून पुढं म्हणाल्या. कुठल्याही मोठ्या वाहिनीनं ते कापलं असतं.

पण या केंद्रांना एक मोठी वेसण आहे. सामुदायिक रेडिओचं मूळ धोरण २००६चं. ट्रान्समीटर शंभर वॉटपर्यंत, म्हणजे आवाज दहापंधरा किलोमीटर जातो, आणि स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा किंवा बोलीत उतरवून लावता येतात, एवढंच. परिणाम काय होतो? टँकर उद्या येणार, ही माहिती. टँकर आठवडाभर का आला नाही, ही बातमी. पहिली चालते. ज्या तालुक्याला दुसरीची जास्त गरज, तिथला माइक पहिलीपाशी थांबतो. माझ्या प्रबंधातलं हे प्रकरण परीक्षकांना फार आवडलं नाही. भाषा जरा तापलीय म्हणाले. तापलेलीच होती.

आता पोटाचं. नेटच्या यादीत आमचा विषय ६३ क्रमांकाचा. ती परीक्षा, मग राज्याची सेट, मग कायम जागेची वाट, हा एक रस्ता. मी सध्या साताऱ्यात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास घेतला तर पैसे आणि मे महिन्यात उन्हाळा. मिरजेचा पॅसेंजरवाला एका आमदाराचं सोशल मीडिया सांभाळतो आणि आमच्यात सगळ्यात सुखी आहे. शिराळ्याचा एका खतकंपनीत. जतची अजून परीक्षा देतेय. काका आपल्या तालुक्यात परत गेले, वाढदिवसाच्या पुरवण्याही परत काढायला लागले, पण मधूनच त्यांचा मेसेज येतो, "आज एक बातमी पाठवली नाही. कारण: कलम पहिलं, फाटक घरचं." थिअरीनं पोट भरत नाही म्हणणारे गृहस्थ भेटले की मी वाद घालत नाही. चहाचे पैसे मात्र तेच देतात.

माझ्याकडं येणारी मुलंही पहिल्या दिवशी कॅमेरा आणि रील्सबद्दलच विचारतात. त्यांना मी कंटाळवाणा पेपर शिकवते आणि गावाकडं पिटाळते. यंदा जावळी तालुक्यातला एक मुलगा विषय घेऊन आला: गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. जावळीतलं अर्धं गाव मुंबईला, माथाडीत. ग्रुपमधे गावकरीही आणि मुंबईकरही, आणि ॲडमिन कोपरखैरण्याला. यात्रेला तमाशा आणायचा की ऑर्केस्ट्रा, देवळाचा रंग कुठला, पाण्याची टाकी कुणाच्या जागेत, सगळं त्या ग्रुपवर ठरतं. विषय सोन्यासारखा. पण पोरानं आणली होती प्रश्नावली: आपण ग्रुपबद्दल समाधानी आहात का, पूर्णतः सहमत, अंशतः सहमत, असहमत. गुगल फॉर्मवर, रंगीत.

मी म्हटलं, फॉर्म राहू दे बाजूला. गेल्या दोन वर्षांत ग्रुपमधून कुणाकुणाला काढलं, कुठल्या मेसेजनंतर काढलं, परत घेतलं तर कुणाच्या मध्यस्थीनं, याची आधी यादी कर. ते लोक शोध, घरी जा, चहा घे, विचार. आणि ॲडमिनची सविस्तर मुलाखत हवी.

पोरगा डोकं खाजवायला लागला.

"मॅडम, ॲडमिन माझा चुलता आहे."

"मग तर उत्तमच," मी म्हटलं. "पहिलं काढलेलं माणूस कोण, तिथून सुरुवात कर."

"ते आमचे वडील."